न्हाणीचं तोंड

सांता क्रूसच्या माणसांना एपिफानिया माणसांत धरत नसे. मायदेशी, ओआहाकाच्या डोंगरात, तिचं गाव यूकुनामा आणि हे सांता क्रूस यांच्यामध्ये एक ओढा होता. ओढ्यापलीकडचं कुरण कुणाचं, यावरून आजोबांच्या काळापासून दगडफेक चालत आलेली. आता दोन्ही गावांतली निम्मी माणसं कॅलिफोर्नियात, ऑक्सनार्डला, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत कंबरेतून वाकलेली. एकाच मुकादमाच्या शिव्या खायच्या, एकाच गल्लीत लोकांची गॅरेजं भाड्यानं घेऊन राहायचं. तिकडे त्या कुरणात गुडघाभर गवत माजलं होतं आणि ते खायला शेळी उरली नव्हती. पण एपिफानियाच्या लेखी ओढा होता तिथेच होता. गल्लीच्या ज्या बाजूला सांता क्रूसवाल्यांची घरं, त्या बाजूनं ती दुकानालासुद्धा जात नसे.

ती सुईण होती. आई सुईण, आजी सुईण. इथे मुलं इस्पितळात जन्मतात, तेव्हा मूल झेलायचं काम तिच्या हातून केव्हाच गेलं होतं. राहिलं होतं ते आधीचं आणि नंतरचं. आधीचं म्हणजे पोटाखाली लांब शाल घालून आडवं आलेलं मूल हलवत हलवत सरळ करायचं, आणि नंतरचं म्हणजे न्हाणी. इस्पितळाबद्दल तिचं मत एका वाक्याचं होतं. "बाळंतिणीला बर्फ घालून पाणी देणारी माणसं ती, त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?" नुकतीच मोकळी झालेली बाई म्हणजे उघडं दार. त्यातून थंडी आत शिरते आणि हाडांत जाऊन बसते. ती काढायची तर वाफ हवी. वाकवलेल्या फांद्यांचा बुटका सांगाडा, वरून कांबळी, आत तापलेले दगड. दगडांवर पाणी शिंपडायचं आणि हिरव्या डहाळीनं बाळंतिणीचं अंग झोडपून काढायचं. सांगाडा चार पायांवर बसल्यासारखा दिसतो म्हणून आमच्यात त्याला तोरितो म्हणतात, छोटा बैल. ऑक्सनार्डच्या बैलाला फांद्यांऐवजी शेतातून उचलून आणलेल्या प्लास्टिकच्या पाइपांच्या फासळ्या आणि वाघाचं चित्र असलेली कांबळी, पण वाफ तीच.

आणि त्या बैलाचं तोंड. एपिफानियाच्या आईनं सांगून ठेवलं होतं की न्हाणीचं तोंड चर्चकडे हवं, कारण सूर्य तिथून येतो. ऑक्सनार्डला आल्या दिवशी तिनं चर्च कुठे आहे ते विचारून घेतलं होतं आणि तेव्हापासून एकही न्हाणी इकडची तिकडे झाली नव्हती. सांता क्रूसवाल्यांचं वेगळं. त्यांच्या न्हाणीचं तोंड डोंगराकडे असतं. ऑक्सनार्ड म्हणजे परात, तिथे डोंगर कुठून आणणार? त्यांची सुईण क्रेसेन्सिया, तिनं गावातली सगळ्यांत उंच वस्तू शोधली आणि न्हाणीचं तोंड हमरस्त्यावरच्या उड्डाणपुलाकडे केलं. ही गोष्ट कानावर आली तेव्हा एपिफानिया वाफ्यातच खाली बसून हसली होती.

"ट्रकांच्या ढुंगणाला तोंड करून बाळंतीण न्हाते," ती सगळ्यांना सांगत सुटली. "मग पोरं भोंग्यासारखी रडणार नाहीत तर काय?"

नवीन पोरींबद्दलही तिला असाच पुळका होता. दवाखान्यानं आमच्यातल्या मुलींसाठी वर्ग काढला होता. मुली रबरी बाहुली शालीत झुलवायला शिकत आणि शेवटी छातीवर बिल्ला लावून घेत. त्यांना डूला म्हणत. "डूला," एपिफानिया जिभेवर खडा आल्यासारखं म्हणायची. "कुत्रीचं नाव वाटतं." वर्गात शिकवायला तिलाही बोलावलं होतं, पण शेजारची खुर्ची क्रेसेन्सियाची आहे हे कळल्यावर ती दारातूनच परतली.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती तिनं कुणाला कळू दिली नव्हती. तिच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. आधी सकाळची आखडायची, मग दिवसभर. डहाळीची जुडी ती मनगटाला फडक्यानं बांधून धरायची आणि त्यावर बाही ओढायची. वर्गात सगळ्यांसमोर शाल धरून दाखवायची वेळ आली असती तर? एकदा का हे गल्लीत कळलं असतं, की बाया निमूट गल्ली ओलांडून त्या उड्डाणपुलावालीकडे गेल्या असत्या. मग एपिफानिया कोण? शेताच्या कडेला बसून रिकामे खोके जोडणारी एक म्हातारी. तो विचार आला की ती आणखी दोघातिघांना नावं ठेवायची.

अशात तिच्या नातवानं, विल्फ्रिदोनं, लग्न केलं. मुलगी मारिसेला. बिल्लेवाली डूला, सांता क्रूसची, आणि वर क्रेसेन्सियाच्या सख्ख्या भावाची लेक.

"जगात बायका संपल्या होत्या का रे?" एपिफानियानं विचारलं.

"नाही आजी," विल्फ्रिदो म्हणाला. "पण तू ज्यांना नावं ठेवली नाहीस अशा संपल्या होत्या."

मारिसेला वाईट नव्हती, हीच अडचण होती. उलटून बोलायची नाही, नाक मुरडायची नाही. दिवस राहिले तेव्हा ती स्वतःहून एपिफानियापुढे आडवी झाली आणि म्हणाली, "आजी, बघा बरं कसं आहे बाळ." मुलगी झाली. मुलीला घेऊन घरी आली तेव्हा म्हणाली, "आजी, न्हाणी तुम्हीच घाला. फक्त आत्यालाही बोलावते. ती बसेल नुसती."

"बसू दे," एपिफानिया म्हणाली. "बघून तरी शिकेल."

क्रेसेन्सिया आली ती ठरल्या वेळेच्या आधी, हातात तिची स्वतःची डहाळी घेऊन. बुटकी, रुंद, गळ्यापर्यंत गुंडी लावलेली बाई. अंगणात उलट्या खोक्यावर तिनं बैठक मारली आणि विल्फ्रिदो पाइप वाकवत होता तिकडे बघत राहिली. शेतातून सुटल्यावरची वेळ होती. लाकडाच्या फळ्या पेटवून दगड तापत घातले होते, आणि घरमालकाला धुराचा संशय येऊ नये म्हणून शेजारी मुद्दाम एक कोंबडी भाजत ठेवली होती.

"तोंड चर्चकडे घे," एपिफानियानं नातवाला सांगितलं आणि मग हवेत बोलल्यासारखी म्हणाली, "इकडे पूल दिसत नाही म्हणून काही जणींची पंचाईत होईल."

"माझी कसली पंचाईत?" क्रेसेन्सिया म्हणाली. "मी नुसती बसणार आहे. भाचीनं तसंच सांगितलंय."

"डहाळी कशाला आणलीस मग? माश्या हाकायला?"

"तुझ्या घरी येताना हातात काहीतरी असलेलं बरं."

एपिफानिया आत शिरली. मागून मारिसेला रांगत आली आणि चटईवर पालथी झाली. कांबळं खाली सोडलं. आत अंधार, लाल दगड आणि ओल्या पानांचा तिखट वास. ही जागा एपिफानियाची होती. इथे ती कुणाला नावं ठेवत नसे, इथे तिला वेळच नसे. तिनं पहिलं पाणी शिंपडलं, वाफ उठली, डहाळी मारिसेलाच्या पाठीवरून खाली कंबरेपर्यंत उतरली. सगळं नीट चाललं होतं. मग तिनं पाण्याचा डबा उजव्या हातात घेतला. रोज ती तो डाव्या हातात घ्यायची. बाहेर बसलेल्या बाईनं तिचं डोकं फिरवलं होतं, एवढंच कारण. बोटं मिटली नाहीत. डबा निसटला आणि सगळं पाणी एकदम दगडांवर गेलं.

वाफेचा फटकारा बसला तशी मारिसेला किंचाळत बाहेर आली. मागून एपिफानिया आली, केस चेहऱ्याला चिकटलेले, बाही कोपरापर्यंत सरकलेली, मनगटाला फडक्यानं बांधलेली डहाळी लोंबत असलेली. अंगणातल्या सगळ्यांनी ती डहाळी पाहिली. विल्फ्रिदोनं पाहिली आणि कोंबडीकडे मान वळवली.

मारिसेलाचा खांदा लाल झाला होता. तिनंच नळाचं पाणी ओंजळीनं त्यावर घेतलं, बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही, फोड नाही यायचा. आजी, तुम्हाला लागलं का?"

लागलं असतं तर फार बरं झालं असतं, असं एपिफानियाला वाटलं.

क्रेसेन्सिया उठली. दुसरे दगड आत सरकवायला लावले, वरची गुंडी काढली आणि भाचीला घेऊन आत गेली. कांबळ्याआडून डहाळीचे सपसप आवाज येऊ लागले. एपिफानिया क्रेसेन्सियाच्या रिकाम्या खोक्यावर बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती न्हाणीच्या बाहेर, समोर बसली होती. आवाजावरून तिला कळत होतं की बाई घाई करत नाहीये, हात पाठीवरून सरळ उतरतोय, मांडीशी थांबतोय. चुका शोधायचा तिनं फार प्रयत्न केला. एकही सापडली नाही, याचा तिला मनस्वी राग आला.

न्हाऊन झाल्यावर मारिसेलाला कांबळ्यात गुंडाळून आत नेऊन निजवलं. क्रेसेन्सिया घाम पुसत बाहेर आली आणि एपिफानियाच्या शेजारी उभी राहिली.

"काय गं," ती म्हणाली, "तुमच्या गावात सूर्य चर्चवर मावळतो का?"

"उगवतो," एपिफानिया फटकन म्हणाली. "म्हणून तर तोंड तिकडे."

क्रेसेन्सियानं नुसती हनुवटी उचलली. चर्चच्या मागे, समुद्राच्या बाजूला, सूर्य बुडत होता. चांगला मोठा, लाल, न्हाणीच्या तोंडासमोर. रोज तिथेच बुडत होता. एपिफानियानं तो रोज पाहिला होता. कांबळं उचललं की संध्याकाळचं ऊन थेट आत यायचं आणि तिला समाधान वाटायचं की तोंड बरोबर लागलं. सकाळचं इथे धुकंच असतं, आणि ज्या वेळी ते नसतं त्या वेळी माणूस वाफ्यात मान खाली घालून असतं. सूर्य उगवतो कुठून हे बघायला तिनं ऑक्सनार्डला कधी मान वर केलीच नव्हती. गावाकडचं चर्च तिनं इथल्या चर्चच्या जागी ठेवलं होतं आणि इतकी वर्षं एकेका बाळंतिणीला मावळत्याकडे तोंड करून न्हाऊ घातलं होतं.

"तुला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"पहिल्या वर्षापासून."

"मग बोलली का नाहीस? मी तुझ्या पुलाचा गावभर डंका पिटला."

"बोलले असते," क्रेसेन्सिया म्हणाली. "पण त्या बाया तुला सोडून माझ्याकडे आल्या असत्या का? त्यांनी विचार केला असता, एकीचं तोंड मावळतीला, दुसरीचं पुलाला, या दोघींपेक्षा आपलं बर्फाचं पाणी काय वाईट? म्हणून मी आपली घरात बसून हसायचे. फार हसले, खोटं कशाला सांगू?"

एपिफानियाला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. सांता क्रूसची माणसं चोर, कुरण चोरणारी, हसणारी. पण तिनं आधी बाही मनगटावर ओढली.

"हात आण," क्रेसेन्सिया म्हणाली, आणि न विचारता मनगटावरचं फडकं सोडायला लागली. बोटं एकेक दाबून पाहिली. "हे स्ट्रॉबेरी तोडून आलेलं नाही. आतली थंडी आहे. धाकटा झाला तेव्हा न्हाऊ कुणी घातलं होतं तुला?"

धाकटा, म्हणजे विल्फ्रिदोचा बाप, कुलियाकानला झाला होता, टोमॅटोच्या मळ्यावर, पत्र्याच्या खोलीत, पावसात. आई दूर गावात. खोलीत मजूर बायका होत्या, पण परक्या मुलखातल्या. मूल पाठीला बांधून ती लगेच पुन्हा रांगेत उभी राहिली होती, ओल्या पायांनी.

"तिथे कुणी लायकीचं नव्हतं," एपिफानिया म्हणाली.

"आणि इथे?"

या गल्लीतल्या निम्म्या बायांच्या अंगातली थंडी एपिफानियानं काढली होती, आणि स्वतःची मात्र जपून ठेवली होती, कारण तिच्या अंगाला हात लावायच्या योग्यतेची बाई तिला कुठे दिसली नव्हती.

"दगड गरम आहेत अजून," क्रेसेन्सिया म्हणाली. "चल."

"तुझ्या हातून?"

"मग काय, विल्फ्रिदोला सांगू?"

एपिफानिया नातवाकडे वळून म्हणाली, "उचल रे ते. तोंड फिरव."

"कुठे फिरवू आजी?"

"तिकडे." तिनं चर्चकडे पाठ केली आणि समोर बोट केलं. समोर घरमालकाचे कचऱ्याचे डबे होते. विल्फ्रिदोनं डब्यांकडे पाहिलं, क्रेसेन्सियाकडे पाहिलं. क्रेसेन्सिया हसायच्या बेतात होती, पण तिनं तोंडावर हात धरला. विल्फ्रिदोनं बैल उचलून डब्यांकडे तोंड करून बसवला.

एपिफानिया कपडे उतरवून आत गेली आणि पालथी पडली. जन्मात तिची पाठ कुणी अशी पाहिली नव्हती. पहिलं पाणी पडलं. डहाळी खांद्यावर आली.

"पानं उलटी धरली आहेस," ती चटईत तोंड खुपसून म्हणाली.

"गप्प पड."

"आमच्यात आधी पायापासून करतात."

"तुमच्यात मावळतीला न्हातात. गप्प पड म्हटलं ना."

डहाळी पाठीवरून उतरत राहिली, न थांबता, न घाई करता. वाफ कंबरेत शिरली, मग खांद्यात, मग त्या मेल्या बोटांत. कुठल्याशा पत्र्यावरचा पाऊस तिच्या अंगातून निघायला लागला आणि तिला रडू फुटलं, आवाज करून, आवरायची शुद्ध न राहता.

"आजी?" बाहेरून मारिसेलाचा आवाज आला. मुलीला घेऊन ती दाराशी उठून आली होती. "काय झालं? भाजलं का?"

"काही नाही," एपिफानिया आतून ओरडली. "सांता क्रूसच्या बाईला पाणीसुद्धा धड टाकता येत नाही." मग चेहरा चटईला पुसून ती हळूच क्रेसेन्सियाला म्हणाली, "अजून टाक."