गेट, कालवड आणि बोंबील

नळ गळत असला तर तो दुरुस्त होतो. दुरुस्त करताना झालेला किस्सा मात्र गळतच राहतो. आमच्या खाडीकाठच्या बागेचं काम दीड वर्ष चाललं. बाग एवढीशी, किस्से पोतंभर! सामान नगरपरिषदेचं आणि हात आमच्या वाडीचे, असं ठरलं होतं. मग काय होणार?

*

पहिली मीटिंग समाजमंदिरात झाली. नगरपरिषदेचे इंजिनियर जाधवसाहेब, वयाने माझ्या नातवाएवढे, वही उघडून बसले. "बोला, काय काय हवंय?"

मी उभा राहिलो. मला एकच सांगायचं होतं. गुरं आत शिरू नयेत म्हणून बागेच्या जागेला आधीच कुंपण आणि लोखंडी फिरतं गेट बसलं होतं. एका वेळी एक माणूस, तोही अंग चोरून. माझी पार्वती लकव्यापासून चाकाच्या खुर्चीत. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणंही बरंचसं गेलं. खुर्ची त्या गेटातून जात नव्हती. आणि खाडी बागेच्या पलीकडे. दोन वर्षं तिने खाडी पाहिली नव्हती.

पण मी बोलतो सावकाश. "साहेब, ते आपलं... गेट..." एवढं होईपर्यंत साहेबांनी लिहूनसुद्धा घेतलं. आठवड्याने गेटाला हिरवा रंग लागला!

दुसऱ्या मीटिंगला पुन्हा उठलो. "साहेब, गेट जरा..."

गेटाला ग्रीस लागलं!

घरी येऊन पार्वतीला सांगितलं. ती डावा हात तोंडावर धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

*

ग्रीसमुळे गेट हलकं फिरू लागलं. वाडीतल्या एका बारक्या कालवडीने ते हेरलं. डोकं टेकवायची, ढकलायची, आत! जास्वंद खायची आणि त्याच वाटेने बाहेर.

साहेब बघायला आले. त्यांच्या देखत कालवड आत गेली. मागून साहेब शिरले, तर त्यांची बॅग गजांत अडकली.

हसनभाई बाकावर बसले होते. म्हणाले, "साहेब, ती रोज येते. तुम्ही पण येत जा, जमेल!"

*

हे हसनभाई कुवेतला पंचवीस वर्षं पाइप-फिटिंग करून परत आलेले. बागेत पाण्याची सगळी लाइन त्यांनी टाकली. टायमर लावला. रोज पाचला कारंज्यासारखं पाणी.

आषाढात धो धो पाऊस. साहेब रेनकोट घालून नाल्याची पाहणी करायला आले, तर पाचच्या ठोक्याला खालूनही पाणी सुरू!

"हसनभाई, अहो वरून पडतंय की!"

हसनभाई छत्रीखालून शांतपणे म्हणाले, "साहेब, वाळवंटात जिंदगी गेली. पावसावर भरवसा ठेवायची मला आदत न्हाय."

*

पाऊस गेला आणि नगरपरिषदेने व्यायामाचं सामान बसवलं. लोंबकळायच्या दांड्या, शिड्या, सगळं चकचकीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब त्यांच्या वरिष्ठांना दाखवायला घेऊन आले. बघतात तर एकही दांडी रिकामी नाही. सगळीकडे बोंबील!

आमच्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टांगून सुकवतात. वाडीत मासळी सुकवणाऱ्या नर्मदेने आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी दोरीऐवजी दांडी वापरली, एवढंच.

"हे काय चाललंय?" वरिष्ठ नाकाला रुमाल लावून म्हणाले.

नर्मदा कमरेवर हात ठेवून उभी. "लटकायच्या दांड्या हायेत ना? मग लटकलेत!"

वरिष्ठ गेले. साहेब मात्र तिथंच बाकावर बसून राहिले. नर्मदेने त्यांना चहा दिला आणि माझ्याकडे बोट दाखवत सांगितलं, "साहेब, बाग व्हायच्या आधी हितं आमच्या काठ्या होत्या. या नानांच्या पार्वतीवैनीनं चाळीस वर्षं हितंच बोंबील सुकवले. आम्हाला तिनंच शिकवलं. बाग झाली, आम्ही कुठं जायचं?"

साहेबांनी चहा संपवला. मग स्वतः पावलं टाकून खाडीच्या अंगाला बोंबील सुकवायची जागा मोजली. बांबू नगरपरिषदेचे, दोऱ्या बायकांच्या. बदल्यात बायकांनी झाडं सांभाळायची. जास्वंदीला तेव्हापासून राखण मिळाली. कालवड नर्मदेला घाबरते.

*

शेवटची मीटिंग. मी उठलो. "साहेब, गेट..."

साहेबांनी पेन उचललं. तेवढ्यात नर्मदेने टेबलावर थाप मारली. "थांबा! कोणी लिहायचं न्हाय, कोणी बोलायचं न्हाय. दीड वरीस झालं, नानांचं वाक्य पुरं होऊ द्या!"

पन्नास माणसं माझ्याकडे बघताहेत. काय बोलायचं तेच आठवेना.

मी म्हणालो, "चहा... चांगला झालाय." आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसनभाई घरी आले. "भाभी, तब्येत कशी हाय?" म्हणत पार्वतीच्या खुर्चीशी वाकले. खिशातून टेप काढून या चाकापासून त्या चाकापर्यंत मोजलं. तळहातावर आकडा लिहिला आणि थेट नगरपरिषदेत गेले.

*

उद्घाटनाला मुख्याधिकारी येणार होते. रिबीन मंडपाजवळ बांधली होती. नवं गेट सरकतं, चांगलं रुंद. हसनभाईंनी ते पूर्ण उघडलं. "नाना, आधी भाभी."

खुर्ची आत गेली. कुठे घासली नाही. खाडीच्या कडेला मी ती थांबवली. पार्वती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

मग तिने मान वळवली. बायकांनी बोंबलांची मानाची पहिली जोडी साहेबांच्या हातून टांगून घेतली होती. ती एकटीच दोरीवर डुलत होती.

"कोनी... लावलं... हे?"

साहेबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"पडंल," पार्वती म्हणाली. आणि जोडी पडली!

बायका हसायला लागल्या. पार्वती हसली नाही. "पोरा... हिकडं ये."

साहेब कडक इस्त्रीच्या पँटीत तिच्यापुढे उकिडवे बसले. तिने एक बोंबील आपल्या डाव्या हातात घेतला. दुसरा त्यांच्या हातात दिला. जबड्यात जबडा. निसटला. पुन्हा. पुन्हा निसटला.

मंडपातून माईकवर आवाज आला, "जाधवसाहेब, जिथे असाल तिथून या! मुख्याधिकारी आलेत, रिबीन कापायचीय!"

साहेबांनी मान वर केली नाही. "पाच मिनिटं थांबा म्हणावं. माझं अजून जमत नाहीये."

"सावकाश," पार्वती म्हणाली.