नळीतला उजेड

नायक असताना माझी पोस्टिंग ईशान्येकडच्या डोंगरात झाली. पलटण कुठली आणि जागा कुठली, ते सांगायचं कारण नाही. कोताचा चार्ज माझ्याकडे होता. कोत म्हणजे हत्यारांची खोली. वर्षातले सात महिने तिथं पाऊस. कपडे वाळत नसत, काडेपेटी पेटत नसे आणि सकाळी तेलाचा हात फिरवला नाही तर संध्याकाळी लोखंडावरून बोटाला तांबूस भुकटी लागे. गावाकडचे लोक विचारतात, शत्रूची भीती वाटायची का? वाटायची. पण रोज उठून वाटायची ती गंजाची.

जादा रायफली वर्षभरासाठी पेटीत बंद करायचं काम आमचंच. आधी हत्यार पूर्ण उघडायचं. बारुदाची काजळी काढायची, कारण ती हवेतलं पाणी ओढून घेते. मग कोरडं पुसायचं, तेही कोरड्या दिवशी, नाहीतर दमटपणा आपणच पेटीत भरतो. नळीत तेल, बाहेरून ग्रीसचा जाड थर, त्यावर तेलकट कागद आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. ग्रीस लागल्यावर उघड्या हाताने शिवायचं नाही. माणसाच्या बोटाच्या घामात मीठ असतं. सहा महिन्यांनी पेटी उघडली की ज्या जागी बोट लागलं होतं तिथं गंजाचा ठसा उठलेला दिसतो. चोर पकडावा तसा माणूस पकडता येतो.

माझ्या हाताखाली लान्स नायक दत्तू पाटील होता. गाव कडोली. मी खानापूरकडचा, त्यामुळे पलटणीत आमची बोली एक. दत्तूचे हात बाराही महिने ओले असायचे. त्याने हात लावला की लोखंड गंजायचंच. पोरं त्याला ‘मिठागर’ म्हणायची. मी त्याला हातात घालायला माझे जुने लोकरी मोजे दिले. तो ते कोपरापर्यंत ओढायचा आणि सर्कशीतल्या अस्वलासारखा मला सलाम ठोकायचा. कामाला मात्र वाघ होता.

पेटीतलं हत्यार बाहेर काढताना काम उलट चालतं. ग्रीस पुसायचं, पुल-थ्रूच्या दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढायची आणि शेवटी नळीतून बघायचं. एका टोकाला पांढरा कागद धरायचा, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आत स्वच्छ गोल उजेड दिसला तरच हत्यार पास. आम्ही दोघं नंबर पुकारून म्हणायचो, “उजेड.” नियम असा की एकाने बघायचं, मग दुसऱ्याने बघायचं आणि दुसऱ्याने सही करायची. दुसरा मी होतो.

एका सकाळी ऑर्डर आली. चाळीस रायफली बारा वाजेपर्यंत तयार हव्यात. प्रत्येकीतून दोन राउंड मारून बघायचे आणि पुढच्या चौकीला पाठवायच्या. आम्ही सहा वाजता पेट्या उघडल्या. पहिल्या दहा मी स्वतः डोळ्याला लावल्या. मग आभाळ भरून आलं. मी ताडपत्रीखाली रजिस्टर घेऊन बसलो. दत्तू पुकारायचा, मी सही करायचो.

“एकोणचाळीस. उजेड.”

मी सही केली.

शेवटची झाल्यावर दत्तूने मोजे काढून माझ्या मांडीवर टाकले. म्हणाला, “नायकसाब, हे धरा. लई घाण झाल्यात, सांजच्याला धुतो.” एवढं बोलून तो रायफली मारून बघायला फायरिंग रेंजकडे गेला.

नऊ चाळीसला एकोणचाळीस नंबरची रायफल दत्तूच्या हातात फुटली. त्या आवाजात आणि साध्या गोळीच्या आवाजात फरक असतो. तो मला बसल्या जागी कळला. रेडिओवर मीच बोललो, “एक कॅज्युअल्टी. ताबडतोब डॉक्टर पाठवा. ओव्हर.” उत्तर आलं, “रॉजर. नाव सांगा.” नाव सांगायला मला दोनदा बटण दाबावं लागलं. पावणेबाराला दत्तू गेला.

चौकशी झाली. चिंधीचा तुकडा फाटून नळीत अडकला होता. दत्तूने तो का पाहिला नाही, ते कुणालाच कधी कळणार नाही. तो दमला असेल. घाई होती. म्हणूनच तर दुसऱ्याने बघायचं असतं. मला शिक्षा झाली, बढती चार वर्षं अडली. ती योग्यच होती. कडोलीला शवपेटीबरोबर मी गेलो, त्याच्या थोरल्या भावाला सलाम केला आणि खाली मान घालून गाडीत बसलो. घरच्यांना ‘सरावात अपघात’ एवढंच कळवलेलं होतं. मी त्यात एका शब्दाची भर घातली नाही.

हवालदार म्हणून रिटायर झालो आणि खानापूरजवळच्या गावी परतलो. आमच्याकडे जंगलालगतच्या शेतकऱ्यांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका असतात, बहुतेक बारा बोअरच्या एकनळी. निवडणूक लागली की त्या ठाण्यात जमा कराव्या लागतात. पावसाळ्यात जमा केलेली बंदूक परत येते तेव्हा तिची दशा बघवत नाही. म्हणून जमा करायच्या आधी लोक माझ्याकडे यायला लागले. पैसे मी घेत नाही. कुणी फणस देतं, कुणी काजू.

आणखी एक शत्रू इथं भेटला. कुंभारीण माशी. नळी उघडी दिसली की ती आत मातीचं घर बांधते. त्यासाठी मी नळीच्या तोंडात तेलकट चिंधीचा बोळा घालू लागलो. पलटणीत असं केलं असतं तर उस्तादाने कानाखाली काढली असती. नळीत काही ठेवायचं नाही, हा पहिला धडा. पण मी स्वतःला शहाणा समजत होतो. खासबागात माझी बहीण असते, तिच्या घरी माग आहे. तिच्याकडून लाल कापडाची कातरणं आणायचो आणि बोळ्याची वीतभर शेपटी बाहेर लोंबती ठेवायचो. आंधळ्यालाही दिसावी अशी. बंदूक परत आली की आधी माझ्याकडे आणायची, मी बोळा काढणार, ग्रीस पुसणार आणि मालकाने नळीतून बघून “उजेड” म्हणायचं, मगच घरी न्यायची. सगळ्यांना दत्तूची गोष्ट सांगायचो. फक्त त्यात म्हणायचो, “एका नायकाने न बघता सही केली.” तो नायक कोण, हे कधी सांगितलं नाही.

एके वर्षी एका निवडणुकीच्या पाठोपाठ दुसरी आली. बंदुका पाच महिने जमा राहिल्या. परत मिळाल्या तेव्हा भात पिवळं पडलं होतं. अकरा बंदुका मी तयार करून दिल्या होत्या. चार दिवसांत दहा परत आल्या. काढलेल्या लाल चिंध्या मी खिळ्याला अडकवत गेलो. दहावी अडकवताना दुपारचे चार वाजले होते. ती बंदूक घेऊन आलेल्या शेजारगावच्या गड्याला मी सहज विचारलं, विठोबा आप्पा कधी येणार? आप्पा म्हणजे कणकुंबीच्या पलीकडच्या वाडीतले गावडे. तो म्हणाला, आप्पा कुठले येतात, ते परवाच बंदूक घेऊन परस्पर घरी गेले. डुकरांनी भात लोळवलंय, आज दिवस मावळतीला शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून बार काढणार आहेत.

मी खिळ्याकडे बघितलं. अकरावी लाल चिंधी येणारच नव्हती. आप्पांच्या बंदुकीच्या वेळी लाल कापड संपलं होतं. त्यांची बस सुटत होती. मी हाताला लागलेला काळपट तुकडा घेतला, दोन बोटं आत दाबला, शेपटी ठेवली नाही. म्हटलं, आप्पा माझ्याकडेच येणार आहेत. मीच काढीन.

चार दहाला मोटरसायकल काढली. फोन आधीच लावून झाला होता. त्या वाडीत रेंज येत नाही, हे माहीत असूनही तीनदा लावला. जांबोटीपर्यंत रस्ता बरा. तिथं थांबून पुन्हा लावला. पुढं जंगल, वळणं आणि रस्त्यावर ओला पालापाचोळा. हँडलवर माझ्या तळव्यांना घाम सुटला होता. दत्तूच्या हातांसारखा. चोवीस वर्षं नोकरी केली, गोळीबारात सापडलो, पण इतका भ्यालेलो नव्हतो. तिथं निदान मरायची पाळी माझी होती. एका वळणाला गाडी घसरली, गुडघा फुटला. उचलली आणि निघालो. हेल्मेटच्या आतसुद्धा कान बाहेर लावून बसलो होतो. डोंगरात कुठूनही तो आवाज येईल असं वाटत होतं. साधा बार कसा वाजतो आणि फुटलेली नळी कशी वाजते, हे त्या सबंध मुलखात मला एकट्याला माहीत होतं.

पाच चाळीसला वाडीत पोचलो. ऊन डोंगराआड गेलं होतं. आप्पांच्या घराला कडी होती. मी बांधावरून शेताकडे पळालो. चिखलात एक चप्पल गेली. लांबून माळा दिसला. माळ्यावर आप्पा उभे होते आणि त्यांच्या खांद्याशी काहीतरी लांब होतं.

“आप्पा, बार काढू नका.”

त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडलो. आप्पांनी खांद्यावरचं ते खाली घेतलं आणि दुसऱ्या हातातल्या पत्र्याच्या डब्यावर हाणलं. काठी होती.

मी बांधावरच बसलो. खरं सांगायचं तर मी रडलो.

बांधावर गवत कापत असलेल्या सुशीला आक्का, आप्पांच्या मालकीण, विळा टाकून आल्या. त्यांनी मला घरी नेलं, गुडघ्यावर हळद दाबली. बंदूक आढ्याला टांगलेली होती. मी विचारायच्या आत त्याच सांगू लागल्या. परवा आप्पा काडतूस भरायला निघाले होते. आक्का म्हणाल्या, आधी नळी बघा. आप्पांनी बंदूक बिजागरीत मोडून नळी डोळ्याला लावली, काही दिसेना. ते म्हणाले, डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. आक्कांनी बघितलं, त्यांनाही दिसेना. मग सुनेला बोलावलं. तिचे डोळे चांगले, तिलाही अंधारच.

“तवा म्या म्हटलं, ह्याला हात लावायचा न्हाय,” आक्का म्हणाल्या. “ह्येंनी सांगितलेल्या तुमच्या त्या दत्तूची याद आली. उजेड न्हाय म्हंजी न्हाय. ह्येंनी लई आदळआपट केली, पर म्या काडतुसंच दडवली.”

मी बंदूक खाली घेतली. बोळा फुगून घट्ट बसला होता. लाकडी गज आतून सारून तो ढकलायला दहा मिनिटं लागली. मग आक्कांच्या हातात दिली. त्यांनी दाराकडे तोंड करून नळीतून बघितलं.

“आता हाय उजेड,” त्या म्हणाल्या. मग बंदूक मांडीवर ठेवून माझ्याकडे बघितलं. “अण्णा, एक इचारू? ती सही कुणी केलती वो?”

“मी,” म्हटलं. “आणि हा बोळाही माझाच.”

त्या उठल्या. आत जाऊन चहा ठेवला.

पुढच्या रविवारी मी कडोलीला गेलो. दत्तूचा थोरला भाऊ ओसरीवर होता. मी ओळख दिली, बसलो नाही. चिंधी, ताडपत्री, रजिस्टर, एकोणचाळीस नंबर, सगळं उभ्याने सांगितलं. शेवटी पिशवीतून मोजे काढून दिले. दत्तू गेला त्या संध्याकाळी ते मीच धुतले होते. ग्रीसचे डाग काही गेले नव्हते.

त्याने एक मोजा हातात घातला, कोपरापर्यंत ओढला.

“एवढी वर्सं का न्हाय आलासा?”

“भीत होतो.”

त्याने मान हलवली. माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. पाणी मात्र दिलं.

लाल चिंध्या मी जाळून टाकल्या. आता कुणाच्याही नळीत काही ठेवत नाही, माशी घर बांधो नाहीतर वाडा बांधो. लान्स नायक दत्तू पाटील, कडोली. वय सव्वीस. त्या सकाळी त्याने चाळीस रायफली ग्रीसमधून काढल्या, त्यातल्या एकोणचाळीस निर्दोष होत्या. कणकुंबीपलीकडच्या त्या वाडीत त्याला कुणी पाहिलेलं नाही. पण गावड्यांच्या घरात आता बंदूक आढ्यावरून उतरली की आक्का विचारतात, “दत्तूला दाखवली का?” आणि आप्पा निमूटपणे नळी उजेडाकडे धरतात.