सुपारी फुटली, अन् कोणी बोललंच नाही

धामणगाव बढे गावात अन्नपूर्णाबाई म्हणजे नाही म्हणणारी बाई. घरात बैल घ्यायचा असो की बोअर मारायची, सगळे हो म्हणत, अन् ही कोपऱ्यातून खाकरून आडवी लागे. मग तासभर वाद, जेवणं थंड, दीर किसनराव लालबुंद. वैताग हो नुसता!

म्हणून किसनरावांच्या पोरीला, प्रेरणाला पाहायला मलकापूरचे पाहुणे आले, त्या सकाळी किसनरावांनी हातच जोडले. "वैनी, आज काही बोलू नोका." बाईला फार लागलं. पण पोरीचं प्रकरण, म्हणून तिनं तोंडाला कुलूप लावलं.

प्रेरणाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. पाहुण्यांनी बजावलं, लग्न याच महिन्यात, शिक्षण बंद. मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "कोणाले काही म्हणाचं हाये?" सगळं घर अन्नपूर्णाबाईकडं पाहायला लागलं. तिला वाटलं, आपल्यावर पाळत आहे. ओठाशी आलेलं तिनं गिळलं. सुपारी फुटली.

पाहुणे ओसरीवर चहाला बसले. आत प्रेरणा अन्नपूर्णाबाईच्या अंगावर कोसळली. "मोठीआई, तू काऊन नाही बोल्ली? मी तुह्याच भरवशावर होती!"

तेवढ्यात धाकटी जाऊ, प्रेरणाची आई रुखमाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मलेही नोको होतं व बाई. वाटलं, तुमी मोडसान." अन् किसनराव? दाराला टेकून पांढरेफटक. "वैनी, त्याईची अट मलेही पटली नाही. तुमी आडव्या लागल्या असत्या तं मी सुटलो असतो."

"अवो, तुमीच तं गप राहा म्हणले!"

"आजवर कवा आयकलं तुमी माह्यं?"

बाईच्या आता ध्यानात आलं. ज्या आडवेपणासाठी हे घर जन्मभर तिला बोल लावत आलं, त्याच्याच आडोशाला सगळे आपलं 'नाही' लपवत होते! अन् आज पोरीचं वाटोळं व्हायची वेळ आली. असा संताप आला की तिनं हातातली बशी ओट्यावर आपटली.

"मी नाही जात बाहीर. ज्याले नोको, त्यानं सोताच्या तोंडानं सांगावं."

मग प्रेरणाच उठली, ओसरीवर गेली. "मले हे लग्न नाही कराचं."

मग म्हातारा म्हणाला, "बापाचं काय म्हणणं हाये?"

किसनरावांनी सवयीनं वैनीकडं पाहिलं. तिनं मान फिरवली. तेव्हा कुठं त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडला, अन् फाटक्या आवाजात ते म्हणाले, "पाव्हणे, चुकी माही हाये. मलेही हे नोको होतं."