करुणाताईचं वाक्य

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, दोन घोट पोटात गेल्यावर मित्रांजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हाही भित्रेपणाच?

लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या कंपनीने घरी पाठवलं आणि मी भिवापूरजवळच्या आमच्या गावी आलो. कंपनीची पत्रं, माहितीपत्रकं लिहिणं हे माझं काम, शब्दांवर पोट. पण आमच्या घरात रेंज म्हणजे गच्चीचा एक कोपरा, तोही नशीब असेल तर. धड इंटरनेट गावात एकाच ठिकाणी होतं — बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिरात. ते आपोआप आलं नव्हतं. वस्तीत शिवणकाम करणाऱ्या करुणाताईने त्यासाठी तालुक्याला खेटे घातले, जुन्या दारांच्या फळ्यांची दोन लांब टेबलं करून घेतली आणि खोली सगळ्या गावाला उघडी ठेवली. सगळ्या गावाला, म्हणजे मलाही.

दीड वर्ष मी तिथे बसलो. पंख्याखालची खुर्ची माझी. शेजारी वस्तीतल्या सहा-सात पोरी नागपूरच्या कुठल्याशा कंपनीचं टायपिंग करायच्या. माझी मीटिंग लागली की करुणाताई बाहेर खेळणाऱ्या पोरांना गप्प करायची. टायपिंगवाल्या पोरींतली पल्लवी माझ्याकडून इंग्रजी पत्रं लिहायला शिकत होती, आणि मला शिकवायला आवडत होतं — हे मी मुद्दाम सांगतोय का? जरा बरा दिसावा म्हणून? असेल.

मग एक दिवस जेवताना बाबांनी ताट बाजूला सारलं. "लोकं विचारून राहिले मले, तुमचा पोट्टा तिकडं काहून बसते म्हणून."

तिकडं. आमच्या घरात त्या वस्तीला एवढाच शब्द. मी आमटी वाढून घेतली.

इंटरनेटची तार समाजमंदिरातून काढून देवळाच्या सभागृहात न्यावी, असा बेत बाबांच्या मंडळींत शिजतच होता. अर्ज कुणी लिहायचा? घरात लिहिणारा बसलाय की! मी लिहिला. 'सदर जागा गैरसोयीची असून सुविधा मध्यवर्ती ठिकाणी हलवावी.' सह्या बाबांच्या आणि इतर चौघांच्या. माझी नाही, तेवढी हुशारी होती. गैरसोय कुणाची होती? दीड वर्ष पंख्याखाली बसणाऱ्याची? लिहिताना हात एकदाही अडखळला नाही.

इथवरचं कुणी माफही करील. बापापुढे मान तुकवली, म्हणेल. थांबा.

अर्ज ग्रामपंचायतीत गेल्याचं वस्तीत कळलं आणि दुसऱ्या दिवशी करुणाताई माझ्याकडेच आली. ग्रामसभेत वस्तीचं म्हणणं मांडायचं होतं. "तूच लिहून दे गा, तुले सरकारी भाषा येते." आणि एक वाक्य तिने दोनदा सांगितलं — "देवळाच्या सभागृहात आमच्या पोरींले कोणी बसू देणार नाही. हे पक्कं लिहिजो."

मी ते लिहिलं नाही.

बाकीचं लिहिलं. छान लिहिलं — गुळगुळीत, आदबशीर, कुणालाच न टोचणारं. ती अडाणी नव्हती. वाचताच तिच्या लक्षात आलं. ते वाक्य कुठे गेलं, तिने विचारलं. मी म्हणालो, सरकारी कागदात तसं लिहीत नाहीत, उलटच पडतं. साफ खोटं. ते वाक्य कागदावर आलं असतं तर ग्रामसेवकाला नोंदवावं लागलं असतं आणि बाबांच्या मंडळींना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागलं असतं. मला ते नको होतं. मला 'तिकडे बसणारा' या नावातून सुटायचं होतं, आणि सभागृह आमच्या दारासमोर होतं. करुणाताईने सही केली. मला जास्त कळतं, असं तिला वाटलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

ग्रामसभेत दोन्ही कागद वाचले गेले. कुणीतरी म्हणालं, यांचीही तशी काही अडचण दिसत नाही. दिसणार कशी? मी ठेवलीच नव्हती.

तार हलली. पहिल्या आठवड्यात पल्लवी आणि आणखी दोघी सभागृहात आल्या. त्यांना कुणी 'जा' म्हटलं नाही. आज भजन आहे, उद्या बैठक आहे, परवा कुलूप. मला मात्र किल्ली मिळाली होती. त्या दारातून परत फिरायच्या तेव्हा मी कानावर हेडफोन ठेवायचो. मीटिंग नसली तरी. पोरींचं नागपूरच्या कंपनीचं टायपिंग सुटलं. त्या हंगामात पल्लवी मिरचीचे देठ तोडायला जाऊ लागली. त्या कामाने बोटांची अशी आग होते की भाकरी मोडवत नाही. हे मला ऐकून माहीत आहे. मी तिच्या घरावरून जाणं सोडलं होतं.

आता मी नागपूरला, मनीषनगरात राहतो. गेल्या महिन्यात करुणाताई दवाखान्याच्या कामाने शहरात आली आणि शोधत शोधत घरी आली. बायकोच्या हातात मिरचीची पिशवी देऊन म्हणाली, "साऱ्या गावात आमच्यासाठी यानंच लिहून देल्लं होतं वं. बाकी कोणी नाही."

बायकोने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. पहिला अर्जही माझाच होता आणि तुझं वाक्य मी जाणूनबुजून गाळलं, हे सांगायला मला तोंड होतं. त्या तोंडाने मी चहा पीत राहिलो.