अक्कांची फिरती

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत असं एकही गाव नसेल, जिथं आमच्या घरमालकीण अक्कांनी काहीएक काम नसताना जाऊन चहा घेतला नाही. बस जाते ती गावं तर झालीच, पण जिथं बस जात नाही तिथंही त्या फाट्यावर उतरून, कुणाच्या तरी ट्रॅक्टरला हात करून पोचल्या होत्या. बीदरला त्यांच्या माडीवर मी आणि माझी बायको चार वर्षं भाड्यानं राहिलो. मी शाळामास्तर, अक्का साठी ओलांडलेल्या, खाली तीन खोल्यांत एकट्या. त्यांच्या यजमानांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि संसाराची चाळीस वर्षं "मग दुकान कोण बघणार?" या एका प्रश्नात निघून गेली. लग्नानंतरचा आपला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे चुलीपासून गल्ल्यापर्यंत, असं त्या हसत सांगत. यजमान वारले, दुकान विकलं गेलं, मुलगा बेंगळुरूला नोकरीला गेला तो तिथलाच झाला. आणि मग सरकारनं राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट केला. ही बातमी आम्ही सगळ्यांनीच वाचली. अक्कांनी ती आज्ञा समजून पाळली.

गळ्यात लिंगाचा दोरा होताच, त्याच्या शेजारी दुसऱ्या दोऱ्यात आधार कार्ड आलं. सकाळी पूजा आटोपली, दोन भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधली की अक्का बसस्टँडवर. बसची पाटी त्या कधी वाचत नसत. कुठल्या बसची खिडकी रिकामी आहे एवढंच बघायचं, चढायचं, आणि पदर सावरून बसल्यावर शेजारणीला विचारायचं, "बाई, ही बस कुठं जायलीय?" कंडक्टरनं कन्नडमधून "कुठं जायचं?" म्हणून विचारलं, तर कन्नडमधूनच उत्तर, "जिथवर जाते तिथवर." तो बिचारा त्यांच्या तोंडाकडे बघत शेवटच्या गावाचं शून्य रुपयाचं तिकीट फाडून देई, आणि अक्का ते घडी घालून कमरेच्या पिशवीत जपून ठेवत. राज्याची हद्द मात्र त्यांनी कधी ओलांडली नाही. पलीकडे तिकिटाला पैसे पडतात, आणि पैसे देऊन बसमध्ये बसणं हा त्यांना आता अपमान वाटायचा.

उतरल्यावर काय? तर गावात शिरायचं आणि पाटलाचं घर विचारायचं. पाटील सगळीकडे असतोच, हा त्यांचा हिशेब. एकदा मंठाळला बस बिघडली तेव्हा त्या एका घरी मिरच्या निवडत बसल्या आणि पोतंभर मिरच्या संपल्यावरच उठल्या. निंबर्ग्याला तर कमाल झाली. ज्या घरात त्या शिरल्या तिथं मुलगी बघायचा कार्यक्रम चालू होता. मुलाकडच्यांना वाटलं ही मुलीची आत्या, मुलीकडच्यांना वाटलं ही मुलाची मावशी. अक्कांनी पोहे खाल्ले, मुलाला दोन प्रश्न विचारले, मुलीला तिसरा विचारला आणि "जमतंय की, कामून लांबवायलाव?" असं बजावून साडेचारची बस पकडली. लग्न जमलं. पत्रिका आली तेव्हा पाकिटावर नाव नव्हतं. "बीदरच्या अक्का, बसस्टँडमागं" एवढ्यावर पोस्टमननं ती बरोबर आणून दिली.

मी एकदा विचारलं, "अक्का, रोज रोज फिरून कंटाळा येत नाही का?"

"कंटाळा घरात हाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "त्याला कुलूप लावून जाते मी."

दुसऱ्या वर्षी, आपल्याच घराच्या पायरीवरून अक्का घसरल्या आणि घोटा मोडला. सव्वा महिना प्लास्टर. दोन जिल्ह्यांतल्या रस्त्यांनी जे केलं नाही ते घरच्या पायरीनं केलं, याचा त्यांना विशेष राग होता. मुलगा दोन दिवस येऊन गेला. माझी बायको, अक्का जिला 'पोरगी'च म्हणत, खाली जेवण नेऊन द्यायची. एके दिवशी ती वर आली आणि म्हणाली, "अक्का कॅलेंडरच्या पाठीवर काहीतरी काढायल्यात. मला विचारायल्या, भालकीहून बसवकल्याणला जाताना डाव्या हाताला काय लागतं."

त्यातून तो खेळ निघाला. अक्कांनी त्याचं नाव ठेवलं 'फिरती'. फाशाऐवजी कवड्या, सोंगट्यांऐवजी सदऱ्याच्या गुंड्या, आणि पटावर घरांऐवजी गावं. प्रत्येक गावात काहीतरी घडायचं. "मंठाळ. ओळखीची बाई भेटली. एक डाव बोलत बसा." "आळंद. खिडकी मिळाली. वाटेल तिथं जा." "फाट्यावर बस बंद. सगळ्यांनी उतरून ढकला," म्हणजे सगळ्यांच्या गुंड्या एक घर पुढे. पण खरी गंमत शेवटच्या घरात होती. तिथं 'आपलं घर' असं लिहिलं होतं, आणि तिथं जो आधी पोचेल तो हरला. बाकीचे येईपर्यंत त्यानं एकट्यानं गप्प बसायचं, खेळात बोलायचं नाही. त्यामुळे घर जवळ आलं की प्रत्येकजण जीव तोडून मागे सरायला बघायचा आणि एक डाव तीन-तीन तास चालायचा.

खेळायला चौघं लागायची. चारांपेक्षा कमी नाही, हा पहिला नियम. अक्का, मी, माझी बायको आणि चौथे गल्लीतले टेलरचाचा. चाचांनी दोनदा कवड्या टाकल्या आणि म्हणाले, "अक्का, कागद कायकू? फट जाता. मैं कपडे पे सी देतूं." त्यांनी खरोखरच मांजरपाटावर रंगीत दोऱ्यानं रस्ते शिवले, गावांना ठिगळं लावली, आणि पट गुंडाळून काखेत मारता येईल असा झाला. पाय बरा होईपर्यंत असे पंचवीस पट तयार झाले. अक्का आता नुसत्या फिरणार नव्हत्या. त्यांचा आता पट विकायचा धंदा होता.

बीदरच्या खेळण्यांच्या दुकानदारानं पट उलटसुलट करून बघितला. त्याला आवडला होता. तो म्हणाला, "अक्का, चौघं कुठून आणायची हो लोकांनी? दोघांचा करा, लगेच ठेवतो."

"दोघांत कसली आलीय फिरती?" अक्का म्हणाल्या आणि पट काखेत मारून बाहेर पडल्या. मी सोबत होतो. पुढचे दोन-तीन महिने त्यांनी चालत्या बसमध्ये शेवटच्या लांब बाकावर पट पसरून बायकांना खेळ शिकवला. बायका हसून लोळायच्या, आपलं गाव ठिगळात सापडलं की टाळ्या पिटायच्या, आणि गाव आलं की उतरून जायच्या. विकत कुणी घेतला नाही. मग अक्कांनी जिथं जिथं चहा घेतला होता त्या घरांतून पट वाटायला सुरुवात केली. परत गेल्यावर दिसायचं, एकीनं तो टीव्हीवर पांघरलाय, एकीनं त्यावर पापड वाळत घातलेत. "रंग गेला न्हाई उन्हात, चाचाचा दोरा चांगला हाय," एवढंच त्या घरी येऊन सांगायच्या.

रविवारी दुपारी आमचा डाव मात्र चुकत नसे. मग चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि त्यांची लेक त्यांना हैदराबादला घेऊन गेली. त्या रविवारी अक्का बराच वेळ दाराकडे बघत बसल्या. शेवटी त्यांनी नियमांचा कागद काढला, 'चार' खोडून 'तीन' लिहिलं आणि म्हणाल्या, "टाका कवड्या."

वर्षभरानं मला लातूरच्या शाळेत नोकरी मिळाली. सांगायचं कुणी, यावर आम्हा नवरा-बायकोत आठवडाभर ढकलाढकल झाली. शेवटी डाव चालू असतानाच मी म्हणालो, "अक्का, आम्ही जायलोय. लातूरला."

त्यांच्या मुठीत कवड्या होत्या. त्या तशाच ठेवून त्यांनी विचारलं, "पगार बरा हाय का?"

"हो."

"मग जावा की. कामून तोंड पाडून बसलाव?" आणि त्यांनी कवड्या टाकल्या. किती पडल्या ते आमच्यापैकी कुणीच मोजलं नाही.

परवा काही कागदांसाठी बीदरला जाणं झालं. काम उरकून दुपारी अक्कांकडे गेलो. माडीला कुलूप होतं. नवे भाडेकरू ठेवले नव्हते. अक्का जमिनीवर पट पसरून बसल्या होत्या. समोर एकच गुंडी. नियमांचा कागद शेजारी होता, त्यावर 'तीन' खोडून 'दोन' आणि 'दोन' खोडून पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मला बघून त्या एवढ्या घाईनं उठल्या की मला त्यांचा घोटा आठवला. "बसा मास्तर, बसा. पोरगी कशी हाय? कामून आणली न्हाई?" चहा झाला, दुसरी गुंडी निघाली, आम्ही खेळायला बसलो. अक्का अखंड बोलत होत्या. गुडघे आता बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदाच, तेही जवळच जातात, हे त्यांनी कुणा दुसरीबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी ऐकत होतो आणि मधूनच, नको म्हणता म्हणता, हातातल्या घड्याळाकडे बघत होतो. तिसऱ्यांदा त्यांनी पकडलं.

"तुमची बस कितीची?"

"पाचची. पण डाव राहिलाय की, अक्का."

"राहू दे. हितंच हाय तो." त्यांनी पट गुंडाळला आणि चप्पल घातली.

नको म्हणालो तरी स्टँडपर्यंत आल्या. लातूरची बस लागली तेव्हा गर्दीत घुसून त्यांनी बाहेरूनच खिडकीतून आपला रुमाल सीटवर टाकला आणि मला चढायला लावलं. मी बसलो, रुमाल परत दिला. "पुढच्या खेपेला पोरीला घेऊन या," त्या म्हणाल्या, "आणि मुक्कामाला या." मी हो म्हणालो. मग त्या मागे जाऊन स्टँडवरच्या बाकावर एका अनोळखी बाईशेजारी बसल्या आणि तिच्याशी काहीतरी बोलू लागल्या. ती बाई हसली, आणि तेवढ्यात तिची बस आली म्हणून पिशवी उचलून निघून गेली. अक्का तिच्या बसकडे हात हलवत राहिल्या. आमचा ड्रायव्हर अजून खाली चहा पीत होता. साडेसहाला दुसरी बस होती, हे मला ठाऊक होतं. तेवढ्या वेळात राहिलेला डाव सहज झाला असता. मी उठायला म्हणून समोरच्या दांडीवर हातही ठेवला. मग ड्रायव्हर चढला, बस हलली, आणि मी तो हात खिडकीबाहेर काढून अक्कांना दाखवला.