भावजयीचा बाप्तिस्मा

मला माझ्या भावजयीचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. तिच्या साड्यांचा किंवा संसाराचा वाटला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं. मला तिच्या श्रद्धेचा वाटतो. मी तारोडी गावची, जन्मानं कॅथलिक, पिढ्यान्‌पिढ्या. ती शहरातल्या, जेसल पार्कमधल्या हिंदू घरातली, माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्नाच्या वेळी तिला कुणी धर्म बदल म्हटलं नव्हतं. सहा वर्षांनी तिचं तिनंच ठरवलं, वर्षभर चर्चमध्ये शिकवणीला गेली आणि ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. मुलाच्या शाळेच्या ॲडमिशनसाठी घेतला असेल, असं मी दोन-चार जणींना सांगितलंसुद्धा. ॲडमिशन खरं तर आधीच झाली होती.

बाप्तिस्म्याआधीची भावजय मला सोयीची होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती भांडी आपटायची, मी गप्प राहायचे, आणि घरात चांगली मी ठरायचे. एकदा भाच्याच्या वाढदिवसाला, पाहुण्यांच्या देखत ती मला म्हणाली, "ज्यांना स्वतःचं घर करता आलं नाही, त्यांनी माझ्या घरात नाक खुपसू नये." मी लग्न केलेलं नाही. ते वाक्य मी जपून ठेवलं. कुणी तिचं कौतुक केलं की मनातल्या मनात ते काढून बघायचे आणि मला बरं वाटायचं.

बाप्तिस्म्यानंतर आठवड्याभरात ती माझ्याकडे आली. मी बोंबील साफ करत होते. ती समोर पाटावर बसली आणि म्हणाली, "ताई, वाढदिवसाला मी तुम्हाला बोलले ना, ते रागात तोंडून गेलं नव्हतं. तुम्हाला लागावं म्हणूनच बोलले होते. माफ करा मला."

मी म्हटलं, "अगं, सोड. मी कधीच विसरले."

ती रडली, मग डोळे पुसून माझ्याबरोबर बोंबील साफ करायला बसली. जाताना तिचा चेहरा इतका मोकळा होता की माझ्या पोटात दुखलं. अपराध तिचा, आणि हलकीही तीच झाली! मी मात्र खोटं बोलून बसले होते, आणि ते वाक्य होतं तिथंच होतं.

त्यानंतर मी तिच्यावर पाळतच ठेवली. कधीतरी भांडं आपटेल, मग म्हणता येईल, बघा, बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावरूनच वाहून गेलं. राग तिला अजूनही यायचा. चेहरा लाल व्हायचा, ती उठून मागच्या दारी जायची, तिथं उभी राहून हळू आवाजात काहीतरी बोलायची, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी, आणि परत येऊन पोळ्या लाटायची. एकदा न राहवून मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "राग येतोय हो ताई अजून. पण आधी वाटायचं, मी म्हणजेच तो राग. आता वाटतं, आलाय, जाईल." मी चाळीस वर्षं प्रार्थना करते, पण मला असं कुणी शेजारच्या खोलीतून ऐकलेलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

तिच्याकडे नसलेली माझ्याकडे एकच गोष्ट होती. मे महिन्यात आमच्या गावच्या क्रुसापुढे रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना होते, मग उकडलेले चणे वाटतात. ती प्रार्थना वीस वर्षं मी सांगत आले आहे. गेल्या मे महिन्यात माझा घसा बसला. आई म्हणाली, "आज सुनेला सांगू दे. तुजा आवाज फुटत न्हाय." मी हो म्हटलं. ती अडखळेल अशी मला पक्की आशा होती.

ती अडखळली नाही. पायरीवर उभी राहून तिनं स्वर्गातल्या बापाची प्रार्थना सुरू केली, आणि मी पहिल्यांदाच खाली, बायकांमध्ये बसले होते. आमच्याकडे सांगणारी अर्धीच प्रार्थना म्हणते, देवाच्या नावाची, राज्याची, इच्छेची. उरलेली अर्धी समोरचे म्हणतात. त्यात रोजची भाकर मागायची असते, आणि आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हालाही कर, असं म्हणायचं असतं. क्रुसापुढे तो भाग वीस वर्षांत माझ्या वाट्याला आलाच नव्हता.

ती थांबली. बायकांनी उरलेलं उचललं. मीही बसक्या आवाजात भाकरीपर्यंत आले, आणि पुढचं तोंडातून निघेना. दर दहा मण्यांनंतर पुन्हा ती जागा यायची आणि मी पुन्हा भाकरीपाशी थांबायचे. घसा बसलाय, असं स्वतःला सांगत राहिले. भाकरी मागायला तो बरा चालत होता.

घरी जाताना आई माझा हात धरून चालत होती. मग म्हणाली, "तुज्या शेजारीच बसलेले मी. सगला ऐकू येत व्हता."

दोन दिवसांत आवाज मोकळा झाला. संध्याकाळी भावजय माळ घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "ताई, घ्या, आजपासून तुम्ही. मी आपली खाली बसते."

माळ घ्यायला माझा हात पुढे झाला होता. तो मी मागे घेतला. "तूच सांग," मी म्हटलं. "मला खालची अर्धी अजून म्हणता येत नाही."

तिनं का ते विचारलं नाही. तिला कळलं होतं, आणि त्याचाही मला हेवा वाटला.