लीथा टिडवेलचे प्रवचन

पहाटेचे साडेचार वाजले आहेत आणि ऑर्फा टिडवेल बिडाच्या कढईत चौथी कोंबडी तळते आहे. तळताना तिच्या तोंडून बारीक सूर निघतो. आज तो निघाला तेव्हा तिने ओठ मिटून घेतले. कढई लीथाची, चूल लीथाची, आणि आज प्रवचनही लीथाचेच होते.

उत्तर मिसिसिपीच्या या टेकड्यांत पुरणे वेगळे आणि प्रवचन वेगळे. फेब्रुवारीत माणूस गेला तर चिखलातून पाद्री येऊ शकत नाही. शेजारी खड्डा खणतात, कोणीतरी प्रार्थना म्हणते, आणि माणूस मातीत जातो. त्याच्याविषयी चार शब्द बोलले जातात ते ऑगस्टमध्ये, कापसाची खुरपणी संपल्यावर. पाद्री वर्षातून एकदा येतो, आणि प्रवचन एका माणसाचे एकदाच होते. मधल्या काळात विधुराने लग्न केले तर त्याला कोणी नावे ठेवत नाही. गाय दोहायला कोणीतरी लागतेच. मात्र प्रवचनाच्या दिवशी नवी बायको पहिल्या बाकावर नवऱ्याशेजारी बसते. तशी रीत आहे.

"अहो, मी मागे बसले तर?" ऑर्फाने आदल्या दिवशी विचारले होते.

"पुढचा बाक घरच्यांचा," इझेल म्हणाला. "तू घरची नाहीस का?"

त्याच्या मानाने हे लांबलचक बोलणे होते. मे महिन्यात तो नदीपलीकडे तिच्या भावाच्या दारात आला तेव्हा टोपी काढून एवढेच म्हणाला होता, "बायको वारली. पोरगी एक आहे. छप्पर गळत नाही." ऑर्फा तेव्हा चौतीस वर्षांची होती आणि बारा वर्षे भावाची पोरे सांभाळत होती. तिने स्वयंपाक आटोपावा तसे सामान आवरले आणि निघाली. त्या वारलेल्या बायकोला, लीथाला, तिने कधी पाहिले नव्हते.

मुलगी व्हर्निस सतरा वर्षांची. ती ऑर्फाशी उद्धटपणे वागत नसे, फक्त तिला कोणत्याही नावाने हाक मारत नसे. "मीठ संपलंय," असे ती भिंतीला सांगे.

शनिवारी संध्याकाळी पाद्री ब्रदर सग्ज पडवीत येऊन बसले. त्यांनी लीथाला पूर्वी दोन-तीनदाच पाहिले होते. कशी होती, काय सांगू, म्हणून त्यांनी आधी मुलीला विचारले.

"जे येणार आहेत ते तिला ओळखतात," व्हर्निस म्हणाली. "त्यांना काय सांगायचं? आणि तुम्हाला सांगून ते तिच्यासारखं होणार आहे का?" ती उठून गोठ्याकडे गेली.

मग राहिला इझेल. ऑर्फाने स्वयंपाकघराची खिडकी ओढून घेतली, कारण पुढचे बोलणे तिचे नव्हते. शब्द आले नाहीत, पण नवऱ्याचा आवाज येत राहिला. तो बराच वेळ बोलत होता. एवढे बोलताना तिने त्याला कधी ऐकले नव्हते. कणीक मळता मळता तिला मेलेल्या बाईचा हेवा वाटला, आणि त्याची तिला लाज वाटली.

रविवारी चर्च भरले. ताडाच्या पंख्यांनी बायका वारा घेत होत्या. ऑर्फा पहिल्या बाकावर बसली, मधे इझेल, पलीकडे व्हर्निस. मागच्या बाकावर डोशा मावशी, लीथाची वीस वर्षांपासूनची शेजारीण.

ब्रदर सग्जनी सुरुवात कष्टांपासून केली. सिस्टर लीथा सूर्याच्या आधी उठायची. सगळ्यांनी माना हलवल्या. इथे सगळ्याच बायका सूर्याच्या आधी उठतात. मग ते म्हणाले, "लोणी काढताना ती बारीक आवाजात गायची. गोठ्यापर्यंत ऐकू यायचं, म्हणतो तिचा नवरा."

मागे डोशा मावशी पुटपुटली, "लीथा? गायची? अगं बाई, गाय आटली असती."

"तव्यावरची पहिली भाकर ती कुत्र्यासाठी काढून ठेवायची. आणि कोंबड्यांच्या खुराड्यात शिरण्याआधी," पाद्री थोडे थांबले, कारण हे त्यांना स्वतःला फार आवडले होते, "ती दार ठोठावायची. कोंबड्या दचकू नयेत म्हणून. शेजाऱ्याच्या घरी जावं तशी."

पंखे थांबले. ऑर्फाच्या मानेपासून कानापर्यंत जाळ चढला. दार ती स्वतः ठोठावत असे. भाकर ती काढून ठेवत असे. पहिल्या बाकावर बसून, सगळ्या गावासमोर, ती स्वतःचेच प्रवचन ऐकत होती. पाठीवर शंभर डोळे होते. त्याहून वाईट गोष्ट कोणाला दिसत नव्हती: तिला बरे वाटले होते. हा माणूस तिच्याकडे बघत असतो, हे तिला तीन महिन्यांत प्रथमच कळले, आणि ते कळले ते दुसऱ्या बाईच्या प्रवचनात.

इझेल मान खाली घालून रडत होता. खरेच रडत होता. व्हर्निस उठली आणि मधल्या वाटेने बाहेर गेली.

झाडाखाली फळ्या मांडून जेवणे झाली. त्या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त कोंबडीची स्तुती जरा जास्तच झाली. ऑर्फाने इझेलला गाडीमागे गाठले.

"अहो, काल तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"लीथाचं."

"लीथा खुराड्याचं दार ठोठावायची?"

तो विचार करू लागला. खेचराने दोनदा शेपटी हलवली. "नाही," तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. "त्यांनी विचारलं, बायको कशी होती. मी डोळे मिटले. दिसलं ते सांगितलं."

"तुमच्या पोरीनं ते ऐकलं."

"तिला काय सांगू आता?"

तो तसाच ब्रदर सग्जकडे गेला. ते पीच फळाचे गोड पक्वान्न खात होते. "चुकलं," इझेल म्हणाला.

"काय चुकलं, भाऊ?"

"सगळं."

पाद्र्यांनी चमचा खाली ठेवून त्याच्या खांद्यावर थोपटले. "दुःखात असंच वाटतं," ते म्हणाले. इझेल खेचरांना पाणी दाखवायला गेला. लीथाचे प्रवचन झाले होते. दुसरे होणार नव्हते.

व्हर्निस आईच्या कबरीपाशी बसली होती. इकडे कबरीवर गवत ठेवत नाहीत. माती खरवडून उघडी ठेवतात. ऑर्फा दोन हात अंतरावर थांबली.

"ऐकलंत ना?" व्हर्निस वर न बघता म्हणाली. "छान झालं तुमचं. माणसं मेल्यावर ऐकतात, तुम्ही बसल्या बसल्या ऐकलंत."

"मेले असते तर बरं झालं असतं," ऑर्फा म्हणाली. "मला ती माहीत नाही, व्हर्निस. घरात सगळं तिचं आहे आणि मला ती माहीत नाही. तू सांग."

व्हर्निस मातीवरचे खडे वेचू लागली. "ससाणा आला की ती ढेकूळ मारायची. डाव्या हातानं. नेम चुकायचा नाही. एकदा ससाणा समजून डोशा मावशीची टोपी उडवली. कुंपणावर वाळत होती, काळी." तिला हसू आले आणि अर्ध्यातच गेले. "बघा. सांगितलं तरी ती येत नाही."

"नाही येत," ऑर्फा म्हणाली.

व्हर्निस उजव्या हाताची. तिने डाव्या हातात ढेकूळ घेतले, खांदा मागे नेला, कंबर वळवली, एक पाय उचलला, आणि फेकले. ढेकूळ भलतीकडे जाऊन कुंपणाबाहेर पडले. पण तेवढ्या वेळात एक बुटकी, रागीट बाई तिथे उभी असल्यासारखे झाले. ऑर्फाने मान खाली घातली. बघायचा हक्क आपल्याला नाही असे तिला वाटले, आणि आपण बघितले आहे हेही तिला ठाऊक होते.

तिघे गाडीतून घरी निघाले. रिकामी कढई ऑर्फाच्या मांडीवर होती. ओढा ओलांडल्यावर व्हर्निस म्हणाली, "उद्यापासून खुराड्यातली अंडी मी काढीन." ती भिंतीला नव्हे, ऑर्फाला म्हणाली. रागाने म्हणाली की कसे, ते चाकांच्या आवाजात कळले नाही. ऑर्फाने विचारलेही नाही.

उद्या सोमवार, धुण्याचा दिवस. अंगणातल्या मोठ्या हंड्याखाली पाच वाजता जाळ लागतो, आणि अंडी त्याआधी घरात यावी लागतात.